तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे?



आंबेनळी घाटाखालच्या एका वाडीतला तरुण मुंबईत बांधकामावर जातो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर तो भेटला. म्हणाला, "फादर, मत द्यायला यायचं होतं. पण जायचं-यायचं भाडं आणि दोन दिवसांचा खाडा, नाही परवडलं." रायगडचे मतदान ७ मे रोजी झाले, मुंबईचे २० मे रोजी. आपल्याकडे मतदान चालू होते तेव्हा त्याच्या साइटवर काम चालूच होते. त्याच्या खोलीतले दोघे मात्र आले. त्यांना कोणीतरी फुकट गाडी दिली होती.

मी पटकन म्हणालो, "अरे, मतदान हे कर्तव्य आहे." ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (क्र. २२४०) तेच सांगतो. पण नंतर मनाला टोचणी लागली. माझे मतदान केंद्र पायी पाच मिनिटांवर. त्याला त्याच कर्तव्यासाठी दोन दिवसांची मजुरी मोजावी लागते. मग मी त्याला कोणत्या तोंडाने बोललो?

मताला पैशाची अट एकेकाळी उघडपणे कायद्यातच होती. इंग्रजी अमलात १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनुसार शेतसारा, कर, घरभाडे किंवा शिक्षण पाहून मताचा हक्क मिळे. भूमिहीन मजूर बहुधा बाहेरच राही. डॉ. आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणण्याची मागणी केली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सर्व प्रौढांना मत मागितले. अखेर संविधानाच्या कलम ३२६ ने ते दिले. अमेरिकेत दक्षिणेकडील काही राज्यांत मतासाठी कर भरावा लागे. तो पूर्णपणे जायला १९६६ साल उजाडले.

अट गेली, पण खर्च राहिला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर आपल्या महाडला कोणी शिकवायला नको. नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले. पण २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना त्यातले ओंजळभर पाणी घेता आले नव्हते.

कोणी म्हणेल, त्याने नाव मुंबईत नोंदवावे. पण आज या साइटवर, उद्या त्या साइटवर राहणाऱ्याने पत्ता कोणता द्यावा? मतदानासाठी भरपगारी सुट्टीचा कायदा आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १३५ ब) आणि तो रोजंदारीवरच्या माणसालाही लागू आहे. पण मोडणाऱ्या मालकाला दंड फार तर ५०० रुपये, आणि नाक्यावर उभा राहणारा मजूर तक्रार कोणाविरुद्ध करणार?

मग उरते फुकटची गाडी. उमेदवाराने मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी वाहन पुरवणे हा कायद्याने भ्रष्टाचार आहे. त्याचे कारण समजण्यासारखे आहे: गाडीत बसलेला माणूस मिंधा होतो. तरी त्या दोघांना मी दोष देणार नाही. आधी दोष त्यांचा, ज्यांनी गरजेचा सौदा केला. मात्र एवढे सांगेन, की मत गुप्त असते आणि गाडीच्या बदल्यात दिलेला शब्द सदसद्विवेकाला बांधत नाही.

प्रभू येशूने मंदिरात विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, तेव्हा किती टाकले यापेक्षा मागे काय उरले हे पाहिले. मतदानाचा खर्चही तसाच मोजायला हवा.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे माणसे कामाला आहेत, त्यांनी पुढच्या मतदानाला गावी जाणाऱ्याची मजुरी कापू नये. दुसऱ्या दिवशी तो उशिरा पोहोचला, तर त्याची जागा दुसऱ्याला देऊ नये. आपल्या नात्यातले कोणी भाड्यासाठी अडले असेल, तर भाडे द्यावे. आणि मत कोणाला दिले, हे चुकूनही विचारू नये. विचारले, की आपलीही गाडी तशीच झाली.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू