खाल्लं मीठ आणि नवी जर्सी



आजचं वाचन भीष्मपर्वातलं आहे. गीता जिथे संपते, त्याच्या लगेच पुढचा अध्याय. गीता संपली की आपण पोथी कपाळाला लावून मिटतो, त्यामुळे हा भाग बऱ्याच जणांच्या वाचनातून सुटतो. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी आहेत, अजून एकही बाण सुटलेला नाही. आणि धर्मराज चिलखत उतरवून, शस्त्रं ठेवून, पायी चालत कौरवांच्या सैन्यात शिरतात. कशाला? तर भीष्म-द्रोणांचा आशीर्वाद घ्यायला. ‘मी या बाजूला का उभा आहे?’ या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं या एकाच अध्यायात मिळतात.

ती वाचताना मला सारखा एक अमेरिकन सायकलपटू आठवत होता. हसू नका, सांगतो का ते.

आरन ग्विन हा डाउनहिल माउंटन बाइकचा खेळाडू. डोंगराच्या माथ्यावरून एकेकट्याने सुटायचं, दगड, झाडांची मुळं, चिखल तुडवत खाली यायचं, आणि घड्याळ सांगेल तो निकाल. काही मिनिटांचा खेळ, पण एक चुकीची उडी हाड मोडायला पुरते. २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने वर्ल्ड कप मालिकेचं एकूण विजेतेपद मिळवलं. तेव्हा तो ट्रेक वर्ल्ड रेसिंग या टीमकडून खेळत होता आणि टीमचे प्रमुख होते मार्टिन व्हाइटली. मग जानेवारी २०१३ मध्ये जाहीर झालं की ग्विन आता स्पेशलाइज्डची सायकल चालवणार. म्हणजे थेट प्रतिस्पर्धी कंपनीची.

या खेळाच्या जगात मोठा गदारोळ झाला. जुन्या टीमची नाराजी उघड होती. ज्या टीमने वर्ल्ड कपच्या विजेतेपदापर्यंत पोचवलं तिला पैशासाठी सोडलं, असं म्हणणारे होते. खेळाडूचं आयुष्य चार दिवसांचं, त्याने स्वतःचं बघू नये का, असंही म्हणणारे होते. ग्विन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहे आणि ते तो मोकळेपणाने सांगतो. पण देवावर श्रद्धा आहे म्हणून असे प्रश्न सोपे होत नाहीत, हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेच.

आपल्याकडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. खाल्ल्या मिठाला जागणं हा आपल्या रक्तातला संस्कार. पण मिठाला जागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? एकदा पोळी खाल्ली की जन्मभर टाळी वाजवत बसायचं का?

आता अध्यायाकडे वळू. धर्मराज भीष्मांच्या पाया पडतात, तेव्हा भीष्म आशीर्वाद देतात आणि एक फार कडवट गोष्ट बोलतात. माणूस पैशाचा दास असतो, पैसा कुणाचा दास नसतो, आणि मी कौरवांच्या पैशाने बांधला गेलो आहे. द्रोण आणि कृपाचार्यही तेच सांगतात. मनाने हे सगळे पांडवांचे, पण उभे दुसऱ्या बाजूला, कारण अन्न तिथलं. म्हणजे जागेवर टिकून राहिलेला प्रत्येक जण निष्ठेपोटीच टिकलाय असं नसतं. कधीकधी ती नुसती बांधिलकी असते, आणि ती कबूल करताना भीष्मांसारख्यालाही स्वतःला दुबळं म्हणवून घ्यावं लागतं.

दुसरा कर्ण. भीष्म सेनापती असेपर्यंत कर्ण लढणार नव्हता. श्रीकृष्ण त्याला म्हणतात, मग तेवढे दिवस आमच्या बाजूने लढ, भीष्म पडल्यावर परत जा. आजच्या भाषेत हे अगदी शॉर्ट टर्म काँट्रॅक्ट! कर्ण नकार देतो. दुर्योधनाला न आवडणारं काही मी करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. बाजू चुकीची आहे, पण माणूस मित्राला धरून आहे. आपण कर्णावर जीव टाकतो तो उगाच नाही.

तिसरा शल्य. हा नकुल-सहदेवांचा मामा, निघाला होता पांडवांकडे. दुर्योधनाने वाटेत गुपचूप त्याच्या सैन्याची अशी बडदास्त ठेवली की खूश होऊन शल्य वर देऊन बसला आणि कौरवांकडे अडकला. त्यावर त्याने काय केलं? युधिष्ठिराला शब्द दिला की कर्णाचा सारथी होईन तेव्हा त्याचं मनोधैर्य खचवीन. सतराव्या दिवशी लगाम कौरवांचे आणि काम पांडवांचं, असं त्याने खरंच केलं. व्यासांनी ज्या चौघांची गोष्ट सांगितली, त्यांत मला सगळ्यात भीती वाटते ती शल्याची. कारण त्याने बाजू बदललीच नाही! कागदावर तो शेवटपर्यंत निष्ठावंत.

आणि चौथा युयुत्सु. धृतराष्ट्राचाच मुलगा, दासीपोटी जन्मलेला. परत जाण्याआधी धर्मराज रणांगणाच्या मध्ये उभे राहून हाक देतात, ज्याला आमच्याकडे यायचं असेल त्याने यावं. शंभर भावांच्या देखत युयुत्सु निघतो. रात्री तंबूच्या मागून नाही. नगारा वाजवत, भर दिवसा, पहिला बाण सुटण्याआधी.

इथे एक शंका रास्त आहे. युयुत्सुपुढे धर्म आणि अधर्म असा प्रश्न होता. ट्रेक आणि स्पेशलाइज्ड या दोन सायकल कंपन्या. त्यातली एक कौरव आणि दुसरी पांडव, असं काही नाही. मग हा दाखला कसा लागू पडतो?

मला वाटतं, म्हणूनच तो जास्त उपयोगी आहे. बाजूंचा प्रश्न बाजूला काढला की उरते फक्त माणसाची वागणूक. आणि तिच्यात तीन गोष्टी बघता येतात: शब्द, वेळ आणि जीभ. एका वेळी दोन ठिकाणी ‘हो’ म्हटलंय का? समोरच्याला सावरायला वेळ दिलाय का? आणि निघाल्यावर जुन्या घराबद्दल आपण काय बोलतो?

या तीन गोष्टींवर ग्विनला फाशी देणं किंवा हार घालणं हे माझं काम नाही. पण जुन्या टीमची बाजू समजते. डाउनहिलची टीम म्हणजे फक्त चालक नव्हे. मेकॅनिक, सस्पेन्शन जुळवणारे, प्रवासाची व्यवस्था बघणारे, आणि त्या एका खेळाडूच्या नावावर पैसे घालणारे छोटे-मोठे प्रायोजक, असं सगळं त्याच्याभोवती उभं असतं. जानेवारीत मुख्य माणूस गेला की अख्खा डोलारा हलतो. दुसऱ्या बाजूने बघा, हाच खेळाडू एका पडण्याने संपला असता तर? कंपन्या किती वर्षं त्याला सांभाळतात? मीठ दोन्हीकडून खाल्लेलं असतं. सायकल जिंकते ती खेळाडूच्या पायांवर, आणि दुकानात विकली जाते ती त्याच्या नावावर.

२०१३ मध्ये ग्विनला एकही वर्ल्ड कप शर्यत जिंकता आली नाही. नवी सायकल, नवं सस्पेन्शन, सगळं अंगवळणी पडायला वेळ लागतोच. पण अशा वेळी ‘बघा, मिळाली शिक्षा’ म्हणायला आपली जीभ शिवशिवते. कर्मसिद्धांत इतका स्वस्त नाही हो! कारण २०१४ च्या पहिल्याच वर्ल्ड कपमध्ये, दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्गला, तो जिंकला. आणि जून २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला सुरुवातीलाच त्याची चेन तुटली. पायडल मारायची सोयच उरली नाही. तरी तो फक्त उतार आणि वळणं साधत खाली आला आणि पहिला आला. आमच्या टीममधल्या एका सायकलवेड्या पोराने मला तो व्हिडिओ दाखवला, तेव्हाच ग्विन हे नाव मला कळलं. त्या वर्षीचं एकूण विजेतेपदही त्याचंच. मग आता काय म्हणायचं, देवाने माफ केलं? हरणं हा जसा निकालपत्राचा पुरावा नाही, तसं जिंकणंही नाही. फळावरून कर्माची किंमत करू नका, हे गीता आपल्याला आदल्याच अध्यायांत सांगून बसली आहे.

मला खरं थांबवलं ते पुढच्या गोष्टीने. २०१६ मध्ये ग्विन वायटी या जर्मन कंपनीच्या नव्या टीमकडे गेला, वायटी मॉब. ती टीम चालवत होते मार्टिन व्हाइटली. तेच, ज्यांची टीम सोडल्यावरून तीन वर्षांपूर्वी एवढं रान उठलं होतं. त्यांच्याबरोबर त्याने २०१६ आणि २०१७ ची दोन्ही एकूण विजेतेपदं जिंकली. पुढे २०१९ मध्ये तो इंटेन्सकडे गेला, म्हणजे निरोप पुन्हा आलाच. पण मधली ती तीन वर्षं बघा. करार तुटला होता, माणसं तुटली नव्हती. किंवा तुटली असतील, तर दोघांनी ती परत जोडली. ज्याला सोडून गेला त्याने परत दार उघडणं, आणि जो गेला त्याने त्याच दाराशी परत येणं, दोन्हीला मोठं मन लागतं.

युयुत्सुचंही असंच झालं. युद्ध संपलं तेव्हा धृतराष्ट्राच्या मुलांपैकी तो एकटाच जिवंत होता. पुढे वनात धृतराष्ट्र गेले, तेव्हा त्यांना जलांजली देताना पांडवांनी युयुत्सुला पुढे ठेवलं. ज्याने बापाची बाजू सोडली, त्यानेच शेवटी बापाला पाणी दिलं. बाजू सुटली, ऋण सुटलं नाही.

आमच्या आयटीत ‘स्विच’ हा रोजचा शब्द आहे. नोटीस पीरियड, काउंटर ऑफर, दोन-दोन ऑफर लेटर खिशात ठेवून तिसरीकडे जॉइन होणं, सगळं चालतं. आणि खुर्चीत बसल्या-बसल्या मनाने कधीच निघून गेलेले शल्यही प्रत्येक मजल्यावर असतात. पगार इथला, आणि नव्याने आलेल्या पोरांचा उत्साह मारायचं काम मात्र रोज इमानेइतबारे. त्यांना कुणी गद्दार म्हणत नाही, कारण त्यांनी राजीनामा दिलेला नसतो.

हे आज लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या आठवड्यापासून माझ्याकडेही एक ऑफर येऊन पडली आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जिथे आहे तिथले माझे सर, ज्यांनी मला दुसऱ्याचा कोड वाचायला शिकवलं, त्यांचं एक मोठं काम जूनमध्ये सुरू होतंय आणि त्यात माझं नाव धरलेलं आहे. घरी आईच्या औषधांचा खर्च वाढलाय, पोराची शाळा सुरू होतेय. पैसा हे कारण नाही असं मी म्हणणार नाही. भीष्म खोटं बोलले नाहीत, तर मी कशाला बोलू?

जायचं की राहायचं, याचं उत्तर अध्याय देत नाही. जायचं असेल तर कसं आणि राहायचं असेल तर कसं, एवढं मात्र देतो. गेलो तर युयुत्सुसारखं, सगळ्यात आधी सरांच्या समोर बसून, काम सुरू होण्याआधी. राहिलो तर शल्यासारखं नाही. नव्या ठिकाणी ‘हो’ म्हणण्याआधी इथे बोलायचं, आणि इथे ‘राहतो’ म्हटलं की तिथली ऑफर घेऊन भाव करत बसायचं नाही.

तुमच्यापैकीही कुणी अशा उंबरठ्यावर उभं असेल. आज जपाला बसताना एवढंच स्वतःला विचारा: मी ज्यांना सोडतोय, त्यांच्या दारावर तीन वर्षांनी मला थाप मारता येईल ना? आणि मला कुणी सोडून गेलं असेल, तर त्याची थाप ऐकू आल्यावर मी उठेन ना?

उद्या पुढचा अध्याय.

राम कृष्ण हरी.