पिशवींतील दोन वजनें

शास्त्रपाठ : अनुवाद २५:१३-१६, मार्क १०:२-१२



बाजारीं धान्य घेतांना आपली नजर तराजूवर असते. घेण्याचें वजन जड आणि देण्याचें हलकें ठेवणारा दुकानदार कोणासही आवडत नाहीं. अशा दोन वजनांचा देवास वीट आहे, असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे. आणि त्याच ग्रंथांत, एकच अध्याय मागें, सूटपत्राचा नियम आहे. आज हे दोन नियम आपण एकत्र वाचूं.

परूशी प्रभूकडे आले, तेव्हां त्यांनीं पुरुषानें बायको टाकावी काय, एवढेंच विचारिलें. टाकलेल्या बायकोचें पुढें काय होतें, हें कोणीं विचारिलें नाहीं. प्रभूनें मात्र पुढें शिष्यांस सांगतांना पति व पत्नी ह्या दोघांसही एकाच नियमाखालीं आणिलें. त्याच्या हातीं एकच वजन होतें.

आपल्या देशांतील कायद्याच्या पिशवींत दीर्घकाळ दोन वजनें होतीं. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्याप्रमाणें ख्रिस्ती पतीनें पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला, कीं पुरे होई. पत्नीस पतीचा व्यभिचार सिद्ध करून शिवाय त्याचा क्रूरपणा, किंवा दोन वर्षें टाकून जाणें, असें आणखी एक कारण बहुधा दाखवावें लागे. नुसत्या मारहाणीवरून तिची सुटका होत नसे. खटला चालूं असतां मिळणारी पोटगीही पतीच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावी, अशी मर्यादा होती. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें कारणांविषयींचा हा भेद घटनेविरुद्ध ठरविला. आणि २००१ सालीं संसदेनें कायदा सुधारून मुख्य कारणें दोघांस सारखीं केलीं, व पोटगीची ती मर्यादाही काढून टाकली.

तर मग आतां वजन सारखें झालें काय? कागदावर पुष्कळ झालें. परंतु घर पतीच्या नांवावर, शेत सासऱ्याच्या नांवावर, आणि उत्पन्नाचे कागद पतीच्या पेटींत. पतीस चिंता पडते, देणें किती पडेल. पत्नीस चिंता पडते, आज रात्रीं निजावें कोठें आणि लेंकरांस काय घालावें.

मी स्वतः ह्या बाबतींत एकदां चुकलों. एक भगिनी मार खाऊन लेंकरासह माझ्या दारीं आली. मीं प्रार्थना केली, सहनशीलतेविषयीं बोललों, आणि तिला परत पाठविलें. तिच्या पतीस मीं एक शब्दही विचारिला नाहीं. माझ्याही पिशवींत दोन वजनें होतीं, हें मला फार उशिरां कळलें.

ह्यास्तव, उपदेशक बंधूंनो, चार गोष्टी ध्यानांत ठेवा. पंचांनीं किंवा मंडळीनें लिहिलेल्या काडीमोडीच्या कागदानें ख्रिस्ती विवाह मोडत नाहीं. तो अधिकार न्यायालयाचा आहे. अशा कागदावर विसंबून पत्नीनें दुसरा विवाह केला, तर तो कायद्यापुढें टिकत नाहीं, आणि तिचा हक्क दोहींकडे धोक्यांत येतो. दुसरी गोष्ट, स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ अशा पत्नीस, घटस्फोट न मागतांही, ती राहते त्या जिल्ह्यांतील मॅजिस्ट्रेटपुढें पोटगीचा अर्ज करितां येतो. तिसरी, ज्या घरांत ती पतीसह नांदली, तें कोणाच्याही नांवावर असो, तेथें राहण्याचा हक्क तिला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें दिला आहे. चौथी, वकिलास देण्यास पैसा नसला, तरी जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीस उत्पन्नाची अट न पाहतां विनामूल्य वकील मिळतो.

कोणी म्हणेल, पाळकच घटस्फोटाची वाट दाखवितो! बंधूंनो, विवाह जोडणारा देव आहे, आणि समेट व्हावा म्हणून आपण झटलेंच पाहिजे. परंतु एकानें मारावें आणि दुसऱ्यानें सोसावें, ह्यास समेट कसें म्हणावें? अशी भगिनी तुमच्या दारीं येईल, तेव्हां तिला अगोदर भाकर व अंथरूण द्या. सकाळीं मंडळींतील एखाद्या वडील बाईनें तिच्याबरोबर कचेरीपर्यंत जावें. आणि त्याच दिवशीं मंडळीच्या दोघां वडिलांनीं तिच्या पतीकडे जाऊन त्यास जाब विचारावा.

ज्या मापानें आपण मापून देतों, त्याच मापानें आपल्यालाही मिळणार आहे. प्रभु आपली पिशवी तपासील, तेव्हां तींत एकच वजन सांपडो. आमेन.