ताटाचं वजन

जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची शाळा होती. सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना, म्हणून गुरुजींनी पाचवीच्या वर्गात वजनकाटा आणला. मुलं एकेक करून काट्यावर उभी राहिली. गुरुजी आकडा मोठ्यानं सांगत, वर्गप्रमुख तो कार्डशीटवर लिहून घेई. तक्ता भिंतीवर लागला आणि गुरुजींनी जाहीर केलं, "महिनाअखेरीस पुन्हा वजन करू. ज्यांनी चांगला बदल करून दाखवला, त्यांना वही आणि पेन!"

तक्त्यात सगळ्यांत मोठा आकडा सायलीचा होता, सगळ्यांत लहान गणूचा. मधल्या सुट्टीपर्यंत सायलीला 'ढोली' आणि गणूला 'काडीपैलवान' अशी नावं पडली.

शाळेचा पोषण आहार शेवंतामावशी शिजवायच्या. वाढताना कोणाचं ताट कसं परत येतं, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. त्या दिवसापासून सायली दोन घास चिवडायची आणि उरलेला भात गुपचूप शेजारणीच्या ताटात सरकवायची. गणू फाटकाजवळच्या टपरीवरून रोज चिप्सचं पाकीट आणायचा. "यानं लवकर जाड होता येतं," असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पोट चिप्सनं भरलं की उसळ तशीच राहायची.

महिना संपला. सायलीचा काटा खाली आला होता, गणूचा वर गेला होता. दोघांना वही-पेन मिळालं. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

दारात उभ्या असलेल्या शेवंतामावशी पुढं आल्या. "गुरुजी, लहान तोंडी मोठा घास घेते. या पोरीला बक्षीस मिळालं ते उपाशी राहिल्याचं. महिनाभर तिचं ताट मी बघतेय. आणि गण्या, तुझे खिसे दाखव बरं बाळा."

गणूनं मान खाली घालून खिसे रिकामे केले. टेबलावर ओढ्यातले पाच-सहा गोटे पडले.

वर्ग हसला, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी दोघांना जवळ घेतलं, भिंतीवरचा तक्ता स्वतः उतरवला आणि म्हणाले, "मावशी, उद्याचा धडा तुमच्या स्वयंपाकघरात घेऊ. तुमचा काटा तेवढा पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतःच्या हातांनी एका मुलाचा शिधा मोजला. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी सरकारनं ठरवून दिलेला: तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. यातून सुमारे 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा त्यामागचा हिशेब. भात अंगात बळ आणतो, डाळ आणि मटकी शरीर बांधतात, पालेभाजीतलं लोह रक्ताला लागतं, हे गुरुजी सांगत होते. मावशींनी भर घातली, "वर लिंबू पिळा. लोह अंगी लागायला त्याची मदत होते." काट्यावरची मेथी बघून सायली म्हणाली, "एवढीच? आणि आपण तीच बाजूला काढतो!"

मग गुरुजींनी थंड पेयाच्या बाटलीवरचा मजकूर मुलांकडून वाचून घेतला. 100 मिलिलिटरमागे सुमारे 10 ग्रॅम साखर. म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम. गणूनं तेवढी साखर वाटीत काढली. पाच चमचे भरले. कोणाला रागावण्याची गरजच पडली नाही.

गणिताच्या तासाला मुलांनी फाटकापासून टेपनं 50 मीटर अंतर मोजलं. एवढ्या अंतरात जास्त तेल, मीठ आणि साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 2020 सालचा नियम आहे. टपरी त्या रेषेच्या आत होती. गुरुजी आणि सरपंच टपरीवाल्या काकांशी बोलले. काकांनी पाकिटं काढली आणि उकडलेल्या शेंगा, फुटाणे, पेरू ठेवायला सुरुवात केली.

वजन करणं शाळेनं सोडलं नाही, कारण वाढीवर नजर हवीच. पण आता एकेका मुलाला वेगळं बोलावलं जाई, वजनाबरोबर उंचीही मोजली जाई आणि नोंद फक्त आईवडिलांना दाखवली जाई. गुरुजींनी सायलीच्या आईला वाढीचा तक्ता समजावला. "ताई, मोठ्यांचं मोजमाप लहानांना लागू होत नाही. मुलांचं वजन वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे बघूनच ठरवायचं. या वयात मुली भराभर वाढतात, तेव्हा वजन वाढायचंच. तिचं जेवण तोडू नका. तिला खेळू द्या, भाजी-डाळ पोटभर खाऊ द्या." गणूला आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टरांना दाखवलं.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शेवंतामावशींच्या पातेल्यात भाजी उरेनाशी झाली. सायली लंगडीच्या संघात आली. तिचं वजन किती, हे वर्गात कोणालाच ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

तात्पर्य: ज्या मुलाला त्याच्या वजनाची लाज वाटायला लावली, ते मूल उपाशी राहायला शिकतं किंवा खिशात गोटे भरायला शिकतं, जेवायला मात्र शिकत नाही. घरात काय शिजतं, खिशात किती पैसे असतात, शाळेच्या दारात काय विकलं जातं, हे मुलाच्या हाती नसतं. ते मोठ्यांच्या हाती असतं. म्हणून शिक्षकांनो, पालकांनो, मुलांची वजनं चारचौघांत वाचू नका. त्यांच्या हाती काटा द्या आणि ताटात काय किती असावं, ते मोजायला शिकवा.