मिंधं न होता

"लाओसला जायचंय," म्हटल्यावर आमच्या सहलीवाल्यानं कॅल्क्युलेटर पुढे ओढला. "ताई, एवढ्यात बाली होतं. लाओसमध्ये आहे काय?" घरी जाऊबाईंनीही तेच विचारलं. प्रश्न रास्त होता. आग्नेय आशियातला समुद्र नसलेला हा एकमेव देश. वस्ती साधारण ७५ लाख, म्हणजे मुंबईपेक्षाही कमी. दक्षिणेला व्हात फूला जुनं शिवमंदिर आहे, एवढं सांगून सुटता आलं असतं. परदेशात शंकर भेटला की आपल्याकडे खर्च वसूल झाला असं धरतात. पण मला जायचं होतं लुआंग प्रबांगला, भिक्षा बघायला.

माझे वडील पुण्यात वार लावून शिकले. सात वार, सात घरं. त्यातल्या एका घरी त्यांचं पान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मांडलं जाई. पहिल्या पगारात त्यांनी सातही घरी पेढे नेऊन दिले, तरी ते फिटलं असं त्यांना कधी वाटलं नाही. आयुष्यभर कुणाकडे त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. घेतलं की माणूस मिंधा होतो, हाच आमच्या घरचा धर्म. आणि तरी मुलाच्या मुंजीत भिक्षावळ आली, तेव्हा मी तांदूळ घालायला उभी राहिले आणि त्याला आम्ही सगळ्यांनी कौतुकानं मागायला लावलं. ज्या धर्मात विद्येच्या दारातला पहिला धडा मागण्याचा, त्याच धर्मातल्या घरात मागणं इतकं लाजिरवाणं का? बाई असल्यामुळे माझ्यावर झोळी धरायची वेळ कधी आलीच नव्हती, म्हणून हे कोडं मला बाहेरूनच दिसत होतं.

लुआंग प्रबांगला बौद्ध भिक्षूंच्या पहाटेच्या भिक्षेला 'ताक बात' म्हणतात. पहिल्या पहाटे मी फुटपाथवर एका बाईकडून भाताची टोपली विकत घेतली. भात गार होता, बहुधा आदल्या दिवशीचा. तो पात्रात टाकताना माझं लक्ष फोटो बरा येतोय का याकडे होतं. म्हणजे मीही वसुलीच करत होते. त्याच दुपारी गावातल्या न फुटलेल्या बॉम्बच्या माहितीकेंद्रात गेले. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेनं या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. त्यातले छोटे, चेंडूएवढे बॉम्ब आजही शेतांत निघतात. लोक त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. इथे कितीतरी ठिकाणी भाताचं रान नांगरायचं तेसुद्धा जीव मुठीत धरून. इथल्या मूठभर भाताची किंमत माझ्या टोपलीच्या भावात धरलेली नव्हती.

दुसऱ्या पहाटे रस्त्याच्या पलीकडे नुसती उभी राहिले. बायका चटईवर गुडघे टेकून, खांद्यावरून पट्टा घेऊन बसलेल्या. वेताच्या टोपलीत वाफाळता चिकट भात. भिक्षू अनवाणी, एका रांगेत. वाढणारी टोपली कपाळाला लावते, चिमूटभर भात पात्रात घालते. भिक्षू आभार मानत नाही, वर बघतही नाही. पुण्य कमवायची संधी त्यानं दिलेली, तेव्हा नमस्कार करायचा तो वाढणाऱ्यानं. रांग जिथे संपत होती तिथे काही गरीब पोरं टोपल्या घेऊन बसली होती. एका लहानग्या श्रामणेरानं, म्हणजे शिकाऊ भिक्षूनं, आपल्या पात्रातला भात काढून त्यातल्या एका टोपलीत टाकला आणि तो पुढे गेला.

भिक्षूनं दुपारनंतर जेवायचं नाही, अन्न उद्यासाठी ठेवायचं नाही, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. मला वाटतं, मिंधेपणावरचा उताराही तिथेच आहे. मिंधेपण घेण्यातून येत नाही, ते साठवण्यातून येतं. वडिलांनी सात घरं जन्मभर मनात साठवून ठेवली. पण दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. ज्यानं पान उंबऱ्याबाहेर मांडलं, त्यानंही वहीत नोंद केलीच होती. दोन्हीकडून हिशेब सुटला तरच ती भिक्षा. नाहीतर ती उधारी.

परत आल्यावर मुक्कामाच्या घरच्या बाईनं आपल्या टोपलीतला भाताचा गोळा माझ्या हातावर ठेवला. मी पैसे काढले. "बो पेन न्यांग," ती म्हणाली. म्हणजे असू दे, काही नाही. मी खाल्ला. तिनं दुसरा पुढे केला. वडील आठवले. तोही घेतला.

मोठ्या, नावाजलेल्या देशात बघायच्या गोष्टींची यादी आधीच हातात असते आणि आपण तिच्यावर खुणा करत हिंडतो. जिथे 'आहे काय' असं लोक विचारतात, तिथे यादीच नसते, म्हणून वसुलीची घाईही नसते. जाल तर अंगभर कपडे घाला, फ्लॅश बंद ठेवा, विकतची टोपली घेऊ नका, पलीकडच्या फुटपाथवर गप्प उभे राहा. आणि कुणी काही दिलं, तर खिशात हात घालू नका.