जलाशयाकाठचे ऋण

सृष्टिसौंदर्याचा आस्वाद घेणे ही सर्वथा निरपराध गोष्ट आहे, असे आपण गृहीत धरतो. डोंगर कोणाचा, तळे कोणी बांधले, याची चौकशी न करता माणूस त्यांच्याकडे पाहून आनंदित होतो आणि निर्मात्याचे आभार मानतो. ही वृत्ती चांगलीच आहे. तथापि काही स्थळी या आनंदाच्या मागोमाग एक प्रश्न उभा राहतो. ज्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली, त्या सौंदर्याचा उपभोग आपण कोणत्या मनाने घ्यावा? इंग्लंडमधील एका सायकलमार्गाच्या आधारे आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो.

शेफील्ड आणि मँचेस्टर या दोन औद्योगिक शहरांच्या दरम्यान ‘पीक डिस्ट्रिक्ट’ नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. १९५१ साली तो ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. त्याच्या उत्तरेकडील माथ्यांवर झाडे विरळच. मैलोन्‌मैल पसरलेली हेदरची खुरटी झुडपे, रानगवत, आणि त्यांच्याखाली पीट नावाची काळी, दलदलीची माती. ऑगस्टमध्ये हेदर फुलते, तेव्हा सारा माळ जांभळा होऊन जातो. ही माती पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवते. माळावरून वाहणारे ओहोळ डर्वंट नदीला मिळतात, आणि त्या नदीच्या वरच्या खोऱ्यात एकाखाली एक असे तीन जलाशय आहेत: हाउडन, डर्वंट आणि लेडीबाउअर.

सायकलस्वार फेअरहोम्स येथून निघतात. पश्चिम तीरावरील अरुंद रस्त्याने ते वर जातात. डांबर संपले की खडीची वाट लागते. स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी एक जुना दगडी पूल ओलांडून ते पूर्व तीरावरील खडबडीत वाटेने परततात. मोटारीतून जाणाऱ्याला हे सारे खिडकीतल्या चित्रासारखे दिसते. सायकलस्वाराला चढ गुडघ्यांना कळतो आणि वारा छातीला. तो दमतो म्हणून थांबतो, आणि थांबतो म्हणून विचारतो. आपल्याकडेही धर्मगुरू सायकलवरून आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जात, तेव्हा कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही हे त्यांना वाटेतच कळत असे. मंद गती हा नीतीचाही एक साहाय्यक आहे.

तर थांबलेल्या त्या प्रवाशाला काय कळते? डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड या शहरांची तहान भागवण्यासाठी १८९९ साली कायदा झाला आणि या खोऱ्यात धरणे बांधण्याचे ठरले. पहिल्या दोन धरणांच्या कामगारांसाठी बर्चिनली येथे पत्र्याच्या घरांची वसाहत उभी राहिली. तिच्यात शाळा, दवाखाना, दुकाने सारे होते. काम संपले आणि वसाहत उठली. पुढे १९३५ ते १९४३ या काळात लेडीबाउअर धरण बांधले गेले, आणि त्याच्या पाण्याखाली डर्वंट व ॲशप्टन ही दोन गावे गेली. डर्वंटच्या अँग्लिकन चर्चमध्ये शेवटची उपासना मार्च १९४३ मध्ये झाली. दफनभूमीतील मृतांचे अवशेष काढून बॅमफर्ड येथे पुन्हा पुरण्यात आले. चर्चचा मनोरा तेवढा स्मारक म्हणून ठेवला होता. पाण्यातून वर आलेला तो मनोरा लोकांनी काही वर्षे पाहिला. डिसेंबर १९४७ मध्ये तोही सुरुंग लावून पाडण्यात आला. आणि स्लिपरी स्टोन्सचा तो दगडी पूल? तो मूळचा डर्वंट गावचा. गाव बुडण्यापूर्वी त्याचा एकेक दगड सुटा करून जपून ठेवण्यात आला आणि नंतर वरच्या अंगाला तो पुन्हा उभारला गेला. पूल वाचला, ज्या गावाचा तो होता, ते गाव मात्र राहिले नाही.

येथे कोणी म्हणेल, यात अन्याय तो कोणता? चार शहरांतील लक्षावधी कुटुंबांना शुद्ध पाणी मिळाले. एकोणिसाव्या शतकात दूषित पाण्यातून पसरलेल्या पटकीने इंग्लंडमध्ये हजारो बळी घेतले होते, हे विसरून चालणार नाही. शिवाय विस्थापितांना वाऱ्यावर सोडले नव्हते. यॉर्कशायर ब्रिज येथे त्यांच्यासाठी नवी घरे बांधण्यात आली. मृतांचाही मान राखला गेला. मग हिशेब पुरा झाला नाही काय?

हा आक्षेप गंभीर आहे, आणि आम्ही तो मान्य करतो. अहाब राजा आणि नाबोथ यांची कथा (१ राजे, अध्याय २१) आपल्याला ठाऊक आहे. राजाने द्राक्षमळ्याच्या बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली होती. तरीही नाबोथ नाही म्हणाला, कारण ती पूर्वजांची वतनभूमी होती. परंतु अहाबाला हवी होती राजवाड्याशेजारी भाजीची बाग. राजाची हौस आणि तान्ह्या मुलाच्या तोंडचे पाणी यांना एका तराजूत तोलता येत नाही. सार्वजनिक हितासाठी व्यक्तीने त्याग करावा लागणे हे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीशी विसंगत नाही. मालमत्तेच्या हक्काला समाजहिताची मर्यादा असते, असेच ती शिकवण सांगते. म्हणून डर्वंटचे धरण म्हणजे पाप, असे आम्ही म्हणणार नाही.

तरीही नाबोथाचे उत्तर एका गोष्टीची आठवण देते. काही वस्तूंना मोबदला असतो, पण मोल नसते. घराच्या बदल्यात घर देता येते. ज्या उंबऱ्यावरून आईची अंत्ययात्रा निघाली तो उंबरा देता येत नाही. मोबदला चोख दिल्यावरही जे उरते, त्याला काय म्हणावे? अपराध म्हणावे, तर ज्याने काही वाईट केले नाही त्याच्या माथी तो मारता येत नाही. धरणानंतर जन्मलेला सायकलस्वार कशाचा दोषी? आपल्या मराठीने येथे एक मौलिक भेद करून ठेवला आहे. कर्ज आणि ऋण हे शब्द वरवर समानार्थी वाटतात. पण कर्ज फेडले की संपते. ऋणात मात्र माणूस राहतो. आईवडिलांचे कर्ज कोणी काढत नाही, आणि त्यांच्या ऋणातून मुक्त झालो असे शहाणा माणूस म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही कृतज्ञतेला न्यायाशी संलग्न, परंतु कायदेशीर देण्याहून वेगळा असा सद्‌गुण मानले आहे. डर्वंटवासीयांचे कर्ज शहरांनी बहुतांशी फेडले असेल. त्यांचे ऋण मात्र पाणी पिणाऱ्याच्या आणि पाणी पाहून सुखावणाऱ्याच्या माथ्यावर आहेच.

या ऋणाचे रूप पवित्र शास्त्रातील आणखी एका प्रसंगात दिसते (२ शमुवेल, अध्याय २३). दावीद राजाला बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावेसे वाटले. तीन वीर शत्रूची फळी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीदाने ते ओठांना लावले नाही. ज्यांनी प्राण पणाला लावले, त्यांचे जणू रक्तच त्या पाण्यात आहे असे त्याला वाटले, आणि त्याने ते परमेश्वरासमोर ओतले. आपल्याला तसे करता येणार नाही. शहराने पाणी पिणे सोडावे असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की पेला तोंडाला लावण्यापूर्वी त्यातील किंमत दिसावी.

मग हे ऋण मनात वागवायचे कसे? पहिला मार्ग स्मरणाचा. स्मरण आणि कुतूहल यांत अंतर आहे. २०१८ च्या दुष्काळात पाणी ओसरून डर्वंटचे अवशेष उघडे पडले, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली, आणि काहींनी त्या दगडांवर खरडण्यासही कमी केले नाही. ते पाहायला आले होते, आठवायला नव्हे. याच नदीच्या खालच्या अंगाला पॅडली येथे वेगळे दृश्य दिसते. तेथील वाड्यात १५८८ साली निकोलस गार्लिक आणि रॉबर्ट लडलम हे दोन कॅथोलिक धर्मगुरू पकडले गेले आणि त्याच महिन्यात डर्बी येथे त्यांना मृत्युदंड देण्यात आला. १९८७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. वाड्याचा उरलेला भाग आज चॅपल आहे आणि तेथे यात्रा भरते. वाडा गेला, माणसे गेली. प्रार्थनेने मात्र त्यांना विस्मृतीत बुडू दिले नाही. ज्या धर्माच्या केंद्रस्थानी मिस्साबलीसारखा स्मरणविधी आहे, त्याच्या अनुयायांना हे वेगळे शिकवायला नको.

दुसरा मार्ग काटकसरीचा. ज्या वस्तूसाठी कोणाचे गाव गेले, ती गटारात वाहू देणे हा दुहेरी अपमान आहे. नळ नीट बंद करणे ही क्षुल्लक बाब वाटते, पण कृतज्ञतेला कधीकधी याहून मोठी कृती उपलब्ध नसते.

तिसरा मार्ग न्यायाचा, आणि तो सर्वांत अवघड. गेलेल्या गावाचे ऋण जिवंत गावांना द्यावे लागते. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या साथीने धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झाले आणि त्याची वीज मुंबईला गेली. तानसा तलाव १८९२ सालचा, भातसा त्यानंतरचा. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि दोन्हींचे पाणी मुंबई पिते. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशाच अनुभवातून जन्मली. डर्वंटच्या लोकांना निदान नवी घरे मिळाली होती. येथे तर कर्जही फिटलेले नाही. ऋणाची भाषा करण्यापूर्वी ते फेडले पाहिजे. वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे मुंबईत राहतात. त्यांच्या नळाचे पाणी कोणाच्या उशापासून निघते, हे त्यांनी विचारावे, आणि त्या पाड्यांवरच्या मागणीत आपलाही आवाज मिळवावा.

सौंदर्याचा आनंद घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. लेडीबाउअरच्या पाण्यात जांभळ्या माळाचे प्रतिबिंब पडते, ते परमेश्वराचे देणेच आहे. परंतु त्याचे देणे आपल्यापर्यंत बहुधा कोणाच्या तरी हातून येते, आणि त्या हाताला आपण काय दिले, हे तो आपल्याला विचारणार आहे.