ओवाळणी कीं उपदेश?

दिवाळी जवळ आली कीं मीरा-भाईंदरमध्यें घरोघरीं भाऊबिजेच्या ओवाळणीचा विचार सुरू होतो. ज्या बहिणीस एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता, आहे तिला पुष्कळदां गजराचें घड्याळ किंवा रोजनिशी दिली जाते. या वस्तू उपयुक्त खऱ्या. पण त्या देतांना मनांत प्रेम असतें कीं तक्रार?

१९०२ सालीं लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनीं अशा लक्षणांच्या मुलांचें वर्णन केलें, तेव्हां त्यांस तो नैतिक संयमाचा दोष वाटला. आज वैद्यकशास्त्र ही मेंदूच्या विकासाशीं निगडित अवस्था मानतें. आमची भेट मात्र तोच जुना आरोप रंगीत कागदांत गुंडाळून देते.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत फळाच्या आशेनें दिलेलें दान राजस ठरविलें आहे. ‘आतां तरी ही सुधारेल’ ही आशा त्यांतलीच नव्हे काय?

तिनें स्वतः घड्याळ मागितलें तर अवश्य द्यावें. तें साहाय्य होय. एरवीं तिचें मन जेथें आपण होऊन रमतें त्याचें साहित्य द्यावें, किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर तिच्यासह एक सकाळ घालवावी. दिलेले रंग महिन्याभरांत कपाटांत पडले, तरी त्याचा जाब मागूं नये. ओवाळणी एकदां तबकांत पडली कीं ती तिची झाली.