त्याग वस्तूचा की आसक्तीचा?

एखादी अतिशय प्रिय गोष्ट साधनेच्या आड येत असेल, तर ती कायमची सोडावी का? या प्रश्नाकडे आपण एका पॉप गायकाच्या जीवनातून पाहू या.

कॅट स्टीव्हन्स यांचा जन्म 1948 मध्ये लंडन येथे झाला. विशीच्या आतच त्यांना कीर्ती मिळाली, आणि पाठोपाठ क्षयरोगही झाला. रुग्णालयातील त्या महिन्यांत ते अंतर्मुख झाले, ध्यानाकडे वळले. पुढे मालिबूच्या समुद्रात बुडू लागले असता त्यांनी ईश्वराला हाक मारली : वाचवलेस तर तुझे काम करीन. 1977 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला; पुढे युसुफ इस्लाम हे नाव घेतले आणि संगीत सोडले. गिटार विकून पैसे दानधर्माला दिले. 1983 मध्ये लंडनमध्ये शाळा सुरू केली.

अनेक वर्षांनी मुलाने घरी गिटार आणली. त्यांनी ती हाती घेतली आणि 2006 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. मग आधीचा त्याग वाया गेला का?

गीतेचा 18वा अध्याय सांगतो की कर्म करतानाही आसक्ती व फळ सोडणे हाच सात्त्विक त्याग. पण आसक्ती किती आहे, हे वस्तू जवळ असताना कळत नाही. म्हणून काही काळ दूर होणे आवश्यक असते. बंधन सुटल्यावर तीच वस्तू सेवेचे साधन होऊ शकते.

वाचकहो, आपली एक आवडती गोष्ट काही दिवस बाजूला ठेवून पाहा. मन जिथे अस्वस्थ होईल, तिथूनच साधना सुरू करा.